कायम निधीचे व्याज

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आमच्या गावाच्या मुंबईतील मंडळाचे स्नेहसंमेलन भरत असे. गाव संगमेश्वर तालुक्यातले, देवरुखपासून फार दूर नाही. त्या काळी गावातली निम्म्याहून अधिक घरे लालबाग-परळहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत, त्यामुळे गावाच्या मुलांचा शिक्षणनिधीही गावात नव्हे, तर परळच्या दामोदर नाट्यगृहात वाटला जाई. हे नाट्यगृह १९२२ सालचे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये कामगारांसाठी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातले. नमन आणि शक्ती-तुरा या कोकणी लोककलांच्या सामन्यांमुळे कोकणी माणसाला ते आपल्या घराचे अंगणच वाटे.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो १९८४ च्या पावसाळ्यात, गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि सरपंचांचा दाखला अर्जाला जोडून झाल्यावर. सकाळी ईशस्तवन आणि दीपप्रज्वलन, मग अहवाल, जमाखर्चाचे वाचन, गुणगौरव आणि दुपारी गावातल्याच हौशी मंडळींचे नाटक, असा क्रम ठरलेला असे. लहान मुलांचे सारे लक्ष नाटकाकडे असे. मला मात्र त्या दिवशी आणि पुढेही सर्वांत जास्त आवडले ते जमाखर्चाचे वाचन. खजिनदार चष्मा पुसून उभे राहत आणि दरमहा पाच रुपये देणाऱ्या प्रत्येक सभासदाचे नाव, त्याच्या वाडीसह, सावकाश वाचत. मग स्मरणिकेच्या जाहिराती, नाटकाच्या मदत प्रयोगाची तिकीटविक्री आणि शेवटी बँकेतल्या कायम निधीवरचे व्याज. शिष्यवृत्त्या फक्त या व्याजातून द्यायच्या आणि मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही, हा मंडळाच्या घटनेतला नियम सभागृहातल्या प्रत्येक बाईमाणसालाही तोंडपाठ होता.

त्या नियमाची खरी परीक्षा माझ्या शिष्यवृत्तीच्या दोन वर्षे आधी झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच गावकीच्या खोलीत, म्हणजे गावाने मिळून घेतलेल्या चाळीतल्या सामाईक खोलीत, राहणाऱ्यांच्या ट्रंका एकेक करून गावाकडे निघाल्या. निधी मोडून संपकऱ्यांच्या घरी धान्य पाठवावे, अशी सूचना तेव्हाच्या सभेत आली होती आणि ती अगदी रास्त होती, असे मला आजही वाटते. माझे वडील त्या सभेत होते. ते सांगत की सूचनेला विरोध केला तो ज्यांच्या घरी धान्य जायचे होते त्यांनीच. गावाहून तांदूळ येईल, पण पोरांचे पैसे एकदा खाल्ले की परत जमायचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले.

मला मिळालेल्या पाकिटात दीडशे रुपये होते. ज्यांच्या हस्ते ते मिळाले ते सूतखात्यात पंचवीस वर्षे काढलेले आणि त्या दिवशी बेकार असलेले गृहस्थ होते. त्यांनी पाकीट हातात देऊन एवढेच विचारले, ‘‘रत्नागिरीला राहायची सोय झाली का रे? नसेल तर खोलीवर पत्र टाक.’’ अकरावीची पुस्तके त्या पैशांतून आली.

पुढे नोकरीला लागल्यावर मी शिक्षण समितीत आलो आणि पंधरा-सोळा वर्षे संमेलनाच्या आदल्या रात्री गावकीच्या खोलीत बसून अर्ज वाचण्याचे काम केले. गुणांच्या क्रमाने पहिल्या पाचांना पाकिटे, ही जुनी पद्धत मला पहिल्याच वर्षी खटकली. सकाळी काजूच्या कारखान्यात बिया सोलून मग शाळेला जाणाऱ्या एका मुलीला अठ्ठावन्न टक्के होते. तिचा अर्ज ढिगाच्या तळाशी होता आणि ज्यांचे अर्ज वर होते त्यांतल्या दोघांच्या घरी पक्क्या नोकरीचा पगार येत होता. त्या रात्री पहाटेपर्यंत वाद झाला. अखेर सत्कार गुणांचा आणि पैसा गरजेचा, अशी फोड आम्ही केली. आयटीआयला जाणाऱ्या मुलांनाही त्याच वर्षी यादीत घेतले. गरजेचे पाकीट व्यासपीठावर न देता आधी घरी पोचवायचे, ही सूचना महिला मंडळाची होती आणि ती आम्हा पुरुषांपैकी कुणालाच सुचली नव्हती. २०१२ पासून कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात पहिला येऊ लागला आणि नव्वद टक्क्यांचे अर्ज ढिगाने आले, तेव्हा जुनी पद्धत असती तर आमचे हाल झाले असते.

व्याजाने मात्र छळले. नव्वदच्या दशकात मुदत ठेवीवर बारा टक्के मिळत, ते पुढे सात टक्क्यांच्याही खाली आले. तेवढ्याच मुद्दलात निम्मीच मुले बसू लागली. मग डोंबिवली, दिवा, नालासोपारा इथे स्थिरावलेल्या गिरणी कामगारांच्या मुलांनी दोन वर्षे दारोदार फिरून मुद्दल वाढवले.

दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. आता संमेलन डोंबिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात होते आणि नाटकाऐवजी मुलांची नृत्ये असतात. गावकीची खोली असलेली चाळ पाडायच्या आधी सामान हलवताना १९८२ ची खतावणी सापडली. पन्नासेक नावांपुढे लाल शाईत ‘बाकी’ लिहिलेले होते आणि त्यांतल्या बहुतेकांवर पुढे निळ्या शाईची रेघ होती, कुठे १९८५ ची, एक तर चक्क १९९१ ची. गावाला जाऊन शेती करणाऱ्यांनीही पाच-पाच रुपयांची थकबाकी कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवून दिली होती. सात नावे तशीच लाल राहिली आहेत. खतावणी सापडली त्या वर्षीपासून खजिनदार जमाखर्च वाचताना, वाडीसह, ती सात नावेही देणगीदारांच्या यादीत वाचतात.