डब्यात पाणी जात नव्हतं, पण हातही जात नव्हता

मी शीटमेटलचं डिझाइन करते. बरीच वर्षं घरात, म्हणजे सर्व्हर रूममध्ये उभे राहणारे रॅक आणि पॅनेल केले, तिथं ऊन नाही पाऊस नाही, दार म्हणजे नुसती जाळी. मग एकदा बाहेर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या टेलिकॉम कॅबिनेटचं काम अंगावर आलं आणि त्यात मी जवळजवळ दीड वर्ष अडकले. तीन प्रोटोटाइप झाले. पहिला सगळ्यात देखणा होता आणि सगळ्यात वाईट.

स्पेक साधंच वाटत होतं. आत १९ इंची रॅक, त्यात रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं युनिट, आणि ट्रान्समिशनचं सामान, खाली ४८ व्होल्टची बॅटरी बँक, वर फायबरचे जोड ठेवायचे स्प्लाइस ट्रे, आणि संपूर्ण डबा आयपी ५५. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, यातला पहिला ५ धुळीचा, थोडी धूळ गेली तरी चालेल पण सामान बिघडेल इतकी नको. दुसरा ५ पाण्याचा, ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर पाणी चारी बाजूंनी मारायचं आणि त्यानं आत काही नुकसान व्हायला नको. मी डोक्यात फक्त हे दोन आकडे घेऊन बसले. पाणी आणि धूळ. पुढं एक दार, मागं स्क्रूनं बंद होणारं एक कव्हर, त्याला मोजून १४ स्क्रू, सगळीकडं जाड गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी. पाण्याच्या टेस्टला पहिल्याच फटक्यात पास. आत टाकलेला टिश्यू पेपर कोरडा निघाला तेव्हा मी त्याचा फोटो काढून ठेवला होता, अजून आहे माझ्याकडं, आता बघून हसू येतं.

प्रोटोटाइप एका साइटवर ट्रायलला लागला आणि काही आठवड्यांनी रेक्टिफायरचा अलार्म आला. आमच्या सिनियरनी सांगितलं की टेक्निशियनबरोबर तू स्वतः जा, काही बोलू नको, मदत करू नको, फक्त बघ. मी गेले. दोघं जण होते, एक तरुण मुलगा आणि एक वयानं मोठे, त्यांना सगळे काका म्हणायचे म्हणून मीही काकाच म्हणाले.

काकांनी कुलूप काढलं, हँडल फिरवलं, दार उघडलं आणि दुसऱ्या क्षणी वाऱ्यानं ते दार त्यांच्या खांद्यावर आपटलं. मी दाराला अडकण दिलीच नव्हती. मग मुलगा दार पाठीनं धरून उभा राहिला, म्हणजे दोनातला एक माणूस गेला. रात्री पाऊस पडून गेला होता, छपरावर साचलेलं पाणी दार उघडल्याबरोबर ओघळून सरळ वरच्या स्प्लाइस ट्रेवर टपकलं. बंद डब्यावर मिनिटाला साडेबारा लिटर मारून पास झालेला माझा डबा, उघडल्यावर त्याच्या स्वतःच्याच छपरानं भिजवला! टेस्टमध्ये दार कायम बंद असतं ना, तिथं हे कळणार कसं.

रेक्टिफायरची वायर मागून येत होती आणि मागं भिंत होती. कव्हर आणि भिंत यात एक वीतभर जागा. मुलगा आडवा होऊन त्या फटीत घुसला, हातमोजे काढावे लागले कारण मोजे घालून एम५चा स्क्रू चिमटीत येत नाही, आणि १४ पैकी ३ स्क्रू वॉशरसकट गवतात गेले. तेवढ्यात अंधार पडायला लागला. आत दिवा नव्हता, तो मी दिला नव्हता, कारण स्पेकमध्ये नव्हता. काकांनी टॉर्च तोंडात धरली, एका हातानं केबलचा जुडगा बाजूला केला आणि दुसऱ्या हातानं कनेक्टर चाचपडत बसले. मी दोन पावलांवर उभी, आणि मला त्यांच्या तोंडातली ती टॉर्च बघवेना.

मग फिल्टर. पंख्याचा फिल्टर मी पंख्याच्या ट्रेच्या मागं बसवला होता, म्हणजे आधी ५ स्क्रू काढून ट्रे बाहेर, मग फिल्टर. काका म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, हा फिल्टर कुणी साफ करणार नाही. आम्हीपण नाही." राग नव्हता आवाजात, नुसती माहिती देत होते. आणि फिल्टर चोंदला की हवा कमी, हवा कमी की आतलं तापमान वर, आणि आपल्या या सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होत जातं. म्हणजे ५ स्क्रूंमुळं बॅटऱ्या मरणार.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटी दिसली. दार बंद करताना एक पॅचकॉर्ड, म्हणजे जोडणीची छोटी केबल, दारात चेमटत होती, ती त्यांनी आत ढकलली, दार लावलं, हँडल पूर्ण खाली जाईना कारण गॅस्केट फार कडक, खालचा कोपरा नीट बसलाच नाही. अंधार झालेला, दोघं दमलेले, एवढं बसलं बस झालं म्हणून निघाले. दोन आठवड्यांनी त्याच कोपऱ्यातून पाणी आत. ऑफिसात सगळे म्हणाले टेक्निशियननं दार नीट लावलं नाही. मी म्हणलं नाही, दार लावता येत नाही असं बनवलंय मी. आयपी ५५ होता तो लॅबमधल्या माणसानं निवांत उजेडात दार लावलं तेव्हाचा, साइटवर शेवटच्या माणसानं दार जसं लावलं तेवढाच तो डबा वॉटरप्रूफ.

दुसऱ्या वेळी मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. आधी प्लायवूडचा खऱ्या मापाचा सांगाडा केला, त्यात रेक्टिफायर म्हणून खोकी बसवली, बॅटऱ्यांच्या जागी वाळू भरलेले डबे, एकेक ३० किलोचा, कारण १२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी साधारण तेवढीच भरते आणि ४८ व्होल्टला अशा ४ लागतात. मागं भिंत म्हणून एक पार्टिशन. काकांना बोलावलं, हातमोजे घालायला लावले आणि म्हणलं हे काढा, ते बदला. एका सकाळमध्ये जेवढं कळलं तेवढं चार महिन्यांच्या ड्रॉइंगमध्ये कळलं नव्हतं.

मागचं कव्हर रद्द, सगळं काम पुढून. त्यासाठी रॅक बिजागरीवर टाकला, म्हणजे अख्खा रॅकच दारासारखा बाहेर फिरतो आणि मागची बाजू समोर येते. बॅटऱ्यांना खाली वेगळा कप्पा आणि वेगळं दार, आत सरकता ट्रे, त्यामुळं वाकून आत घुसून ३० किलो ओढायची गरज नाही. वेगळ्या कप्प्याचा दुसरा फायदा म्हणजे चार्जिंगमध्ये जो थोडाफार हायड्रोजन सुटतो त्याला वेगळं व्हेंट देता आलं आणि वरच्या सामानाची उष्णताही बॅटऱ्यांपासून तुटली. छपराला मागच्या बाजूला उतार, पुढच्या कडेला पन्हळीसारखी दुमड. दाराला अडकण, ९० आणि १२० अंशांवर आपोआप लागणारी. दार उघडलं की लागणारा दिवा, त्याच स्विचवर दार उघडल्याचा अलार्मपण गेला. फिल्टर दारातच, पाव वळसा देऊन उघडणारे दोन स्क्रू जे झाकणाला अडकूनच राहतात, गवतात पडूच शकत नाहीत.

कागदावर झकास. प्रत्यक्षात फिरत्या रॅकनं रडवलं. पहिल्यांदा सामान भरून रॅक बाहेर फिरवला आणि दोन फायबर लिंकचा लॉस, म्हणजे वाटेत वाया जाणारा प्रकाश, वाढला. केबल मी कुठून आणली होती, तर बिजागरीच्या विरुद्ध बाजूनं! रॅक फिरला की केबल ताणली जात होती आणि कोपऱ्यावर फायबरला मोड पडत होता. साध्या सिंगल मोड फायबरला ३० मिलिमीटरच्या आतली त्रिज्या नको असते, इथं ती १५ वर आली असेल. उपाय अगदी साधा निघाला, पूर्ण जुडगा बिजागरीच्या अगदी जवळून उभा न्यायचा, मग रॅक फिरताना केबल ओढली जात नाही, नुसती पिळली जाते, आणि एवढ्या लांबीत पसरलेला पीळ तिला सहज सोसतो.

दुसरं दुखणं वजनाचं. भरलेला रॅक बाहेर आला की सगळं वजन बिजागरीवर लोंबतं, टोकाला ४ मिलिमीटर झोल येत होता, परत आत ढकलताना कडी खाचेत बसेना. मी बिजागरी जाड करत बसले, फ्रेमला आडव्या पट्ट्या मारल्या, आठवडा गेला. शेवटी वर्कशॉपमधल्या वेल्डरनी सांगितलं की खाली एक छोटं चाक आणि एक उताराची पट्टी लावा, रॅक आत येता येता स्वतःच वर चढेल. लावलं. झालं काम. त्या आठवड्याबद्दल मी ऑफिसात फार बोलत नाही.

मग हा दुसरा प्रोटोटाइप पाण्याच्या टेस्टला नापास झाला, अर्थात, कारण आता दाराला फिल्टरचं भोक होतं. गळती शोधायला आम्ही जुना खडूचा उपाय केला. चौकटीच्या कडेला खडू घासायचा, दार लावायचं, परत उघडायचं, गॅस्केटवर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. मुख्य दाराची रेघ खालच्या कोपऱ्यात तुटक, फिल्टरच्या झाकणाची एका बाजूला अजिबातच नाही. झाकणाची पत्रा जाडी वाढवली, आणि मुख्य दाराला कडक रबर काढून मऊ स्पंजचं ईपीडीएम रबर घेतलं, १० मिलिमीटरचं दाबून साधारण ७ होईल असं. हँडलला तीन ठिकाणी पकडणारी कडी, वर, मधे, खाली. आता एका हातानं, मोजे घालून, हँडल पूर्ण खाली जातं, आणि गेलं नाही तर ते नजरेला दिसतंच, अर्धवट राहिलेलं हँडल बाहेर उभं राहतं.

एक भांडण सिक्युरिटीवाल्यांशी झालं. त्यांचं म्हणणं, एवढं सोपं उघडतंय तर चोरालाही सोपं, बॅटऱ्या जातात. बरोबरच होतं त्यांचं. तडजोड अशी की बाहेरून सगळं अवघड, बिजागऱ्या आतल्या बाजूला, कुलूप पत्र्याच्या कवचात, पण एकदा कुलूप निघालं की पुढं कुठंही पाना लागता कामा नये. दार काढून बाजूला ठेवता येतं, पण ते ९० अंशांच्या पुढं उघडलं तरच.

तिसरा प्रोटोटाइप त्याच साइटवर लागला. फिल्टर काढून परत बसवायला पहिल्या डब्यात २२ मिनिटं लागलेली मी घड्याळ लावून मोजली होती, आता २ सुद्धा लागत नाहीत. काकांनी उघडझाप करून बघितलं, दिवा लागला तेव्हा काही बोलले नाहीत, टॉर्च मात्र खिशातच राहिली.

परवा दुसऱ्या साइटवरून त्यांचा फोन आला. "मॅडम, दार डावीकडं उघडतंय आणि डावीकडं कुंपण आहे, अर्धंच उघडतं. उजवीकडं करता येईल का?" दार उलटं करता येईल, भोकं दोन्ही बाजूंना पाडून ठेवायची आणि नको ती प्लगनं बुजवायची. पण रॅकची बिजागरीपण मग उलटी हवी, आणि ती केबल जिथून जाते तीही बाजू. सध्या टेबलावर तेच ड्रॉइंग उघडं आहे.