टाळ, डग्गा आणि गुरुवारची लाईट

अ‍ॅम्प्लिफायरचा घरगुती डेमो गुरुवारी ठेवू नये, हे पुण्यात आमच्या धंद्यातल्या कोणाला शिकवावं लागत नाही. महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात. पण आमच्या एका ग्राहकाला, काकांना, तोच वार हवा होता, कारण नातीला त्या दिवशी कॉलेज नव्हतं. "मी पंचाहत्तरीचा. माझ्या कानांवर मी किती भरवसा ठेवू? तिला बसू दे शेजारी," म्हणाले.

काका आयुष्यभर तबल्याच्या साथीला बसलेले. जुना अ‍ॅम्प दुरुस्तीपलीकडे गेला होता, स्पीकर मात्र ठणठणीत. चार ओहम रोधाचे, लाकडी पेटीचे. ते बदलायचे नाहीत, ही पहिली अट. दुसरी, खर्च ४० हजारांच्या आत. तिसरी अट सूनबाईंची: टीव्हीचा आवाजही त्यातूनच यायला हवा आणि बाबांना आणखी एक रिमोट शिकायला लागू नये. खरं सांगायचं तर तिन्हींमध्ये ही शेवटचीच सगळ्यात अवघड होती.

अशा घरांना हल्ली आम्ही स्ट्रीमिंग अ‍ॅम्प सुचवतो. वायफायवरून गाणं घेणारा भाग, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप आणि स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प, सगळं एका लहानशा डब्यात. २०२३ मध्ये विम (WiiM) कंपनीचा अ‍ॅम्प २९९ डॉलरला बाजारात आला. आठ ओहमवर प्रत्येक बाजूला ६० वॅट, चार ओहमवर १२०, शिवाय टीव्हीसाठी एचडीएमआय. तेव्हापासून या किमतीत चांगलीच चढाओढ लागली आहे. मी त्या दिवशी तीन यंत्रं नेली होती. त्यांची नावं लिहीत नाही. एक सॉफ्टवेअर अपडेट आलं की यांचे निम्मे गुणदोष बदलतात आणि मग लोक जुनं वाचून भांडायला येतात.

वहिनींनी, म्हणजे त्याच सूनबाईंनी, फोनवर चौथा एक डबा शोधून ठेवलाच होता. "हा बघा ना, ३०० अधिक ३०० वॅट आणि किंमत निम्मी." मी त्याच्या अ‍ॅडॅप्टरचा फोटो मोठा करायला सांगितलं. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. म्हणजे त्यातून मिळणार जास्तीत जास्त १६० वॅट, दोन्ही बाजूंना मिळून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ३०० चा आकडा येतो चिपच्या माहितीपत्रकातून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप या वर्गातल्या पुष्कळ यंत्रांत असते. ती चार ओहमवर ३१५ वॅट देते हे खरं, पण पन्नासएक व्होल्टचा तगडा पुरवठा दिला तर, आणि १० टक्के विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजाचा बिघाड) चालवून घेतली तर. १० टक्के विकृतीचा तबला कसा वाजतो ते काकांना ऐकवायची माझी इच्छा नव्हती.

यंत्रं मांडली आणि आधी कसलीही मोजमापं न करता ऐकवलं. हे मी मुद्दाम करतो. तिन्हींचा व्हॉल्यूम ४० वर. काकांनी डोळे मिटले, दोन मिनिटांत निकाल दिला. "पहिला चपटा आहे. दुसऱ्याचा षड्ज भरीव लागतो. तिसरा बरा, पण दुसऱ्याची सर नाही." नात मान डोलावत होती.

मग मल्टिमीटर काढला. २०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. ४० या आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्यापेक्षा जवळजवळ १९ टक्क्यांनी जास्त निघालं, म्हणजे दीड डेसिबल. एवढा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही. तो कळतो 'भरीव', 'मोकळा', 'जिवंत' म्हणून. माझ्या मते महागडा अ‍ॅम्प विकायची सगळ्यात जुनी युक्ती हीच. तिन्ही यंत्रं २.८३ व्होल्टवर आणली. आठ ओहमच्या हिशेबात हा बरोबर एक वॅट. तिघांतला फरक ०.०३ व्होल्टच्या आत बसला, म्हणजे दशांश एक डेसिबलच्या आत. व्हॉल्यूमचा एक टप्पा त्याहून मोठा असतो, उरलेलं अ‍ॅपमधल्या गेनने, म्हणजे आवाजाच्या बारीक सेटिंगने, जुळवावं लागतं. वेळखाऊ काम आहे. तोवर वहिनींनी पोहे केले.

आता इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण यात यंत्रं जळालेली पाहिली आहेत. आमच्या दुकानात स्पीकर बदलायचा जुना स्विच बॉक्स आहे. त्यात फक्त लाल वायर बदलते, काळ्या सगळ्या आत एकत्र जोडलेल्या. जुन्या अ‍ॅम्पना ते चालायचं, कारण त्यांची काळी वायर म्हणजे जमीनच (ग्राउंड) असे. हे नवे क्लास डी अ‍ॅम्प बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या लाल आणि काळ्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. दोन यंत्रांच्या काळ्या वायरी एकत्र बांधल्या की एकाने दुसऱ्याच्या तोंडात वीज ओतलीच म्हणून समजा. म्हणून मी दोन्ही वायरी तोडणारा रिलेचा डबा स्वतः बनवून घेतला आहे. तिन्ही यंत्रांना गाणं एकाच प्लेअरमधून ऑप्टिकल केबलने द्यायचं. वायफायवरून दिलं तर ती एकमेकांच्या मागेपुढे वाजतात आणि तेवढ्यावरूनच ओळखू येतात.

कोणतं यंत्र लावायचं ते नाणं उडवून वहिनी ठरवणार आणि वहीत लिहिणार. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. माझ्या चेहऱ्यावरून कोणाला काही कळायला नको. नियम असा की १६ पैकी निदान १२ वेळा ऐकणाऱ्याला कोणतं यंत्र वाजतंय ते बरोबर सांगता आलं तरच फरक ऐकू आला असं मानायचं, त्याखाली नशिबाचा भाग फार.

पहिला आणि दुसरा यांत काकांचा निकाल नाणेफेकीसारखाच आला. त्यांनी स्वतःच्या मैफलीची, कॅसेटवरून उतरवलेली पेशकाराची ध्वनिमुद्रणं लावायला सांगितली, मग तानपुऱ्याची संथ जोड. काही नाही. मला वाटलं होतं ते नाराज होतील. उलट म्हणाले, "म्हणजे मघाशी मी जास्त आवाजालाच भरीव म्हणत होतो. बरं झालं, पंचवीस हजार वाचले."

डग्गा मात्र त्यांना खटकत होता. "घुमारा संपतच नाही, मींड लपून जाते." तिन्ही यंत्रांवर तसाच. हा दोष हॉलचा. रुंदी दहा फूट, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज अडकून घुमतो. डग्ग्याचा खर्ज त्याच वस्तीत राहतो. त्यात काकांची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि तिथेच हा घुमारा सगळ्यात जास्त. खुर्ची दोन फूट पुढे ओढली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले. निम्मा प्रश्न तिथेच सुटला, फुकटात.

तिसऱ्या यंत्रावर आल्यावर नातीने फोन पुढे केला. तिच्याकडे अलीकडचं स्वच्छ मुद्रण केलेलं भजन होतं, त्यात टाळ भरपूर. आणि तिने धडाधड ओळखायला सुरुवात केली. "हा तिसरा. याचे टाळ टोचतात." वही उघडली तेव्हा ती १२ च्या रेषेच्या आरामात वर होती. काकांना त्याच भजनात काहीही फरक लागत नव्हता. ते तिच्याकडे बघत राहिले.

यात चमत्कार नाही. क्लास डी अ‍ॅम्प सेकंदाला पाचेक लाख वेळा चालू-बंद होऊन आवाज बनवतो, आणि ती खडखड गाळायला शेवटी कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी असते. स्वस्त रचनेत अ‍ॅम्प आपली चूक तपासतो तो गाळणीच्या आधी. गाळणीनंतर काय झालं याचा त्याला पत्ताच नसतो. मग वरच्या पट्टीत आवाज किती चढेल हे स्पीकर ठरवतो. ज्या स्पीकरचा रोध वर वाढत जातो तिथे टोकाला उठाव येतो, ज्याचा कमी असतो तिथे उतार. गाळणीच्या नंतर तपासणी करायची युक्ती नवी नाही. ब्रूनो पुट्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना केलेली यूसीडी रचना त्यावरच उभी आहे. आता ती हळूहळू स्वस्त यंत्रांतही उतरते आहे. माझ्या तिघांपैकी दोघांत होती, तिसऱ्यात नव्हती. लॅपटॉप लावून मोजलं तर काकांच्या स्पीकरवर तिसऱ्याचा आवाज दहा हजार हर्ट्झच्या पुढे चढत जात दीड डेसिबलपर्यंत गेलेला. दुकानातल्या स्पीकरवर हेच यंत्र जवळजवळ सपाट मोजलं होतं. पंचाहत्तरीच्या कानाला त्या पट्टीतलं फारसं ऐकू येत नाही, सतराच्या कानाला लख्ख येतं. म्हणून ग्राहकाच्याच स्पीकरवर ऐकवायचा मी हट्ट धरतो. "अमुक अ‍ॅम्पचा आवाज तिखट आहे" या वाक्याला स्पीकर सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

म्हणजे तिसरा बाद, असं सगळ्यांनी धरलं. आणि लाईट गेली.

पंखा थांबला, काकांनी "गुरुवार" एवढंच म्हटलं. तासाभराने लाईट आली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, कोणीही कशालाही हात लावू नका, नुसतं बघा. तिन्ही यंत्रं आधीच वायफायवर घेतलेली होती. या घरात राऊटर यूपीएसवर नव्हता, त्याला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. अ‍ॅम्प त्याच्या आधी उठतात. पहिल्याने नेटवर्क शोधलं, सापडलं नाही, आणि नाद सोडून दिला. राऊटर आल्यावरही तो नारिंगी दिवा मिचकावत बसला. प्लग काढून लावेपर्यंत अ‍ॅपमध्ये दिसेना. दुसऱ्याने नेटवर्क धरलं, पण कोणती इनपुट चालू होती ते विसरला, ब्लूटूथवर गेला आणि इंग्रजीतून एका बाईच्या आवाजात खणखणीत घोषणा केली. स्वयंपाकघरातून काकू "कोण आलंय?" विचारत बाहेर आल्या. तिसरा गप्प बसून राहिला, राऊटर आल्यावर जोडला गेला, व्हॉल्यूम होता तिथेच.

वहिनींचा निर्णय त्या क्षणी झाला, माझ्या नजरेला तो दिसला. त्या दिवसभर ऑफिसात असतात. बाबांचं गाणं बंद पडलं की फोन त्यांनाच येणार.

पुढचं तिसऱ्यावरच केलं. अ‍ॅपमधल्या ईक्यूत (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमीजास्त करायची सोय) दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग दीड डेसिबलने उतरवला. पुन्हा नाणं, पुन्हा वही, आणि नातीचा निकाल यावेळी नशिबाच्या पातळीवर आला. मग फोनच्या माइकने खोलीचं मापन केलं. यंत्राने ५६ च्या आसपासचा उंचवटा कापला आणि डग्ग्याची मींड सुटी झाली. मी या मापनाला खालच्या पट्टीतच काम करू देतो. फोनच्या माइकवर वरच्या पट्टीसाठी विसंबू नये. या किमतीत मी आता असंच तोलतो: आवाजातली एवढीशी खोट अ‍ॅपमध्ये काढता येते, पण राऊटर उशिरा आला म्हणून रुसणारं सॉफ्टवेअर घरात बसून कोणाला दुरुस्त करता येत नाही.

टीव्हीचं काम लवकर झालं. टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एआरसी सॉकेटला एचडीएमआय केबल जोडली तर टीव्ही चालू, आवाज मात्र नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवर होता, दोन स्पीकरच्या या अ‍ॅम्पला ती भाषा येत नव्हती. पीसीएम, म्हणजे साधा न आवळलेला आवाज, निवडलं आणि बातम्या सुरू झाल्या. टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो हे काकांनी स्वतः करून पाहिलं. कमाल व्हॉल्यूमला मी मर्यादा घालून दिली. राऊटरला छोटा यूपीएस घ्या असंही सांगितलं, तो आमच्याकडे मिळत नाही. शिवाय गाणं ब्लूटूथने न लावता गाण्याच्या ॲपच्या कनेक्ट सोयीने लावा. ब्लूटूथवर वहिनींचा फोन वाजला की गाणं थांबतं. कनेक्टवर अ‍ॅम्प गाणं स्वतः इंटरनेटवरून ओढतो आणि फोन नुसता रिमोट उरतो.

बिल करताना आतून वाद ऐकू आला. काकांना ईक्यू बंद हवा होता. "मला फरक कळत नाही, मग मध्ये काहीतरी कशाला घालायचं? खोलीचं ते राहू दे, वरचं काढा." नात म्हणे, काढलं तर टाळ ऐकवत नाहीत. मी अ‍ॅपमध्ये दोन सेटिंग साठवून दिली. नावं तिनेच टाइप केली: एकाचं 'आजोबा', दुसऱ्याचं 'माणसं'. काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि नाव बदलून घेतल्याशिवाय चेकवर सही करणार नाही म्हणाले.