सौदा मोडला, वकिलाची फी कोणती द्यायची?

जागेचा सौदा मोडला, खरेदीखत झालं नाही म्हणून वकिलाची फी माफ होत नाही. त्याने केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात. पण न झालेल्या कामाचे देऊ नका.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खरा वेळ सर्चमध्ये, म्हणजे जागेचे जुने दस्त तपासण्यात जातो. ईसी (जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला) कानडीत, १९५६ पूर्वीचे दस्त मुंबई राज्यातले, बरेचसे मराठीत; फार जुना असेल तर मोडीत. एखाद्या जुन्या वाटणीपत्रात बहिणीचं नाव दिसतं आणि पुढच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावरून ते गायब असतं. अनेक सौदे अशाच जागी अडतात. हा दोष शोधून देणाऱ्या वकिलाची सर्च फी मनापासून द्या, त्याने तुमचे लाखो रुपये वाचवलेत.

म्हणून सुरुवातीलाच फी टप्प्यांत लिहून घ्या: सर्च आणि अभिप्राय, संचकारपत्र (संचकार म्हणजे विसार देऊन केलेला करार), खरेदीखताचा मसुदा, नोंदणीचा दिवस. ईसी, नकला, भाषांतर यांचा खर्च वेगळा, पावतीसह.

संचकारपत्रात एक कलम हवंच: टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात दोष निघाल्यास विकणाऱ्याने संचकार आणि सर्चचा खर्च ठरावीक दिवसांत परत करावा. हे कलम नसेल तर संचकार मागता येतो, पण सर्चचा खर्च वसूल करताना दमछाक होते. कोर्टात जायचं झाल्यास करार पुरा करून मागणाऱ्या दाव्यातच संचकार परतीची मागणीही लिहा. मागितली नाही तर कोर्ट ती देत नाही.

फी थकली म्हणून वकिलाला तुमची कागदपत्रं अडवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच तसं सांगितलंय.