आज कितवा अध्याय?

फेब्रुवारीशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. कारण परीक्षा नाही की उन्हाळ्याची चाहूल नाही. कारण आहे नीतिसूत्रं. पवित्र शास्त्रातल्या या पुस्तकाचे अध्याय ३१, आणि महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त ३१. म्हणून जी तारीख तो अध्याय, असा आमच्या घरचा शिरस्ता. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. खूणपट्टी लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. जगभरातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत असंच चालतं, हे मला फार उशिरा कळलं. नगरला आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाबा पहाटे चष्मा पुसत विचारायचे, "आज कितवा अध्याय?" आणि आम्ही भावंडं झोपेतच तारीख सांगायचो. त्यामुळे ही सगळी युक्ती बाबांचीच, अशी माझी पक्की समजूत होती.

या हिशेबात एकतिसावा अध्याय वर्षातून सातच वेळा वाट्याला येतो. नेमका तोच सद्गुणी स्त्रीचा. ती बाई रात्र असतानाच उठते, घरच्यांना जेवू घालते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते, आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. आई म्हणायची, "सातच महिने आहे ते बरंय. बाराही महिने असती तर मेलीच असती बिचारी." फेब्रुवारीत तर शेवटचे तीनही अध्याय बुडतात, लीप वर्ष असलं तर दोन. २८ तारखेला पुस्तक मिटताना मला दरवर्षी वाटायचं, काहीतरी मोठं सांगायचं राहिलं आणि आपण एकदम मार्चात आलो.

गेली सव्वीस वर्षं मी फोंड्याला आहे. शाळेत मराठी शिकवते. फोंडा म्हणजे देवांचं गाव. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, सगळी देवळं हाकेच्या अंतरावर. यातले बरेच देव इथले मूळचे नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राज्यात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा माणसांनी रातोरात नदी ओलांडून ते इकडे आणले. हे माहीत असलेल्या शेजाऱ्यांमध्ये आपण ख्रिस्ती म्हणून राहतो, याचं भान मी ठेवते. त्यांनी मात्र ते मला कधी जाणवू दिलेलं नाही. चतुर्थीला नेवऱ्या येतात, नाताळला माझ्याकडून करंज्या जातात. म्हणजे तोच पदार्थ नाव बदलून परत जातो.

सकाळी साडेपाचला उठून चहा ठेवते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक उघडते. सहाच्या सुमारास खालून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो. पों-पों, पों-पों. सुरुवातीची काही वर्षं त्या भोंग्यानं माझं मनन मोडायचं. हल्ली भोंगा वाजेपर्यंत मनन सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. नगरला हे म्हणताना डोळ्यांसमोर बाजरीची भाकरी यायची, पापुद्रा सुटलेली. इथं शाळेतली माझी कॅथलिक सहकारी तीच प्रार्थना कोकणीत म्हणते, तर तिथं भाकर नाही, घास आहे. मला ते जास्त आवडलं. भाकरी एखाद वेळी आठवड्याचीही थापून ठेवता येते. घास तेवढ्यापुरताच.

रानातल्या मान्न्याचंही, म्हणजे देवानं तिथं दिलेल्या अन्नाचंही, असंच होतं. इस्राएल लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं. कुणी हुशारी करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, तर त्यात किडे पडायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढं दुप्पट घ्यायची सवलत. शहाणपणाचीही गत हीच असावी, नाहीतर शलमोन राजाचं तसं झालं नसतं. देव स्वप्नात येऊन म्हणाला, काय हवं ते माग. पोरगेल्या राजानं ना आयुष्य मागितलं ना धन, ऐकणारं अंतःकरण मागितलं. मिळालंही. दोन बायका एका लेकरावरून भांडत आल्या, तेव्हा तलवार मागवून खरी आई कोण हे त्यानं उजेडात आणलं. आणि हाच माणूस म्हातारपणी सातशे राण्या नि तीनशे उपपत्नी करून त्यांच्या देवांमागे गेला. म्हणजे तरुणपणी एकदा घसघशीत मिळालेलं शहाणपण ठेवीत टाकून त्याच्या व्याजावर जगता येत नाही. मी वर्गात शलमोन शिकवत नाही, पण निवृत्तीला आलेल्या काही माणसांकडे पाहून तो आठवतो.

नीतिसूत्रांची गंमत अशी की रोज वाचलं की तारखांना स्वभाव येतात. २६ तारखेला चौथी ओळ सांगते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच पाचवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. लहानपणी मला वाटलं छपाईची चूक आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "चूक नाही. समोर कोण आहे ते बघून ठरवायचं." मग शास्त्र कशाला वाचायचं, हा प्रश्न मी तेव्हा गिळला. शाळेत २६ तारखेला बैठक असली की अजून गिळते. २७ तारखेची चौदावी ओळ तर मी भावंडांच्या ग्रुपवर टाकायची म्हणून कितीदा थांबले आहे: पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद दिला, तर तो शापच धरला जाईल. सुप्रभाताचे संदेश, गुलाब, उगवता सूर्य, सगळ्यांचा बंदोबस्त तीन हजार वर्षांपूर्वीच्या शहाणपणानं करून ठेवला आहे. ३० तारखेला चार लहान शहाण्या जिवांची यादी येते. मुंगी, शाफान नावाचा खडकातला सशाएवढा प्राणी, टोळ आणि पाल. पाल हातानं धरता येते, पण राहते राजवाड्यात. ते वाचताना आमच्या ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली, तेव्हा मी खुशाल टेबलावर टकटक केली. नगरच्या आजीची सवय. ती जन्मानं ख्रिस्ती, पण पालीपुढे सगळे धर्म सारखे.

शेजारच्या वहिनी एकदा सकाळीच मोगऱ्याची फुलं द्यायला आल्या आणि उघडं पुस्तक बघून म्हणाल्या, "तुमचें पुस्तक मराठींतलें?" इथले ख्रिस्ती कोकणीत प्रार्थना करतात, म्हणून त्यांना नवल वाटलं. मी त्यांना फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला तो इथलाच झाला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणं सुटल्याची खंत बोलून दाखवली, तेव्हा त्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, मराठीत. १६१६ साली राशोलला ते छापलंही, फक्त देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत. माणसांचं काय हरवलं आहे हे त्या पाद्र्यानं ऐकलं, एवढंच मला त्यात मोठं वाटतं. वहिनींना दुसरंच वाटलं. "पाद्रीन ओंव्यो बरयल्यो?" म्हणाल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या.

त्याच वहिनींबरोबर मी एकदा देवळात गेले होते. त्यांच्या मुलाला परदेशी बोटीवर नोकरी चालून आली होती आणि घरात दोन तट पडले होते, म्हणून कौल लावायचा होता. मी बाहेर मंडपातल्या खांबाशी बसले. तिथून आतलं थोडं दिसत होतं. पुजाऱ्यानं पाकळ्या पाण्यात भिजवून पाषाणाच्या अंगावर डावी-उजवीकडे चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि मग सगळे गप्प. कुणीतरी उठून पंखा बंद केला. वाऱ्यानं पडलेली पाकळी देवाच्या नावावर जायला नको! समईच्या उजेडात ओल हळूहळू सुकत होती. वहिनींचा पदर मुठीत होता आणि नजर एका पाकळीवर. पंधरा मिनिटं झाली असतील. उजवीकडची पाकळी कडेनं सुटली, लोंबकळली आणि पडली. वहिनींनी श्वास सोडला तो मला खांबाशी ऐकू आला.

परतताना मी त्यांना शास्त्रातला गिदोन सांगितला. त्यानंही असाच कौल लावला होता. खळ्यात लोकर ठेवली आणि म्हणाला, देवा, सकाळी लोकरीवर दव आणि भुई कोरडी, असं कर, म्हणजे मी समजेन. सकाळी लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. तरी गड्याचं समाधान नाही. दुसऱ्या रात्री उलटं मागितलं, लोकर कोरडी आणि भुई ओली. देवानं तेही केलं. वहिनी थबकल्या. "दोन फावटी विचारलें? आमचो भटजी आसलो जाल्यार धांवडायतलो." मला याकोबाचं पत्र आठवलं. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं मागावं, देव दोष न लावता देतो, असं त्यात आहे. दोष न लावता, हा शब्द मास्तरणीला टोचतो. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणाऱ्या पोरावर मी खेकसते.

मी स्वतः तर दीड वर्ष एकच प्रश्न विचारत होते. आई गेल्यापासून बाबा नगरला एकटे. वय ८३. त्यांना इकडे आणावं का? आणायचं म्हणजे त्यांची मंडळी, त्यांची बाकावरची जागा, ज्ञानोदयाचे बांधून ठेवलेले अंक आणि आईची कबर, सगळं तिथं सोडायला लावायचं. न आणायचं म्हणजे रात्री दहानंतर फोन वाजला की छातीत धस्स. दर महिन्याच्या २३ तारखेला बावीसावी ओळ येते: जन्मदात्या बापाचं ऐक. पण बाप म्हणतो, "मला इथं काही कमी नाही." मग ऐकायचं म्हणजे काय करायचं? पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले प्रार्थना करा. तीच तर करत होते.

एकदा अगदी जेरीस येऊन मी तारखेचा नियम मोडला. डोळे मिटले, पुस्तक मधूनच उघडलं आणि बोट ठेवलं. 'पहिला इतिहास' हे पुस्तक निघालं. त्याचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे निव्वळ वंशावळ, याला तो झाला, त्याला हा झाला. मी चिडून नवऱ्याला दाखवलं. त्यानं पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "वडलांबद्दल विचारलंस, त्यानं वडलांची यादी दिली. अजून काय पायजे?"

त्यानंतर आठवड्याभरानं वहिनी पानात गुंडाळलेला प्रसाद घेऊन आल्या. दुसऱ्या कामाला देवळात गेल्या होत्या, तर जाता जाता माझ्या बाबांचंही विचारून आल्या. "उजवो कौल जालो गो." मला न विचारता! मी थोडी रागावले, आणि रागावता रागावता लक्षात आलं की खांद्यावरचं काहीतरी उतरलं आहे. हे मी पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

परवा २८ फेब्रुवारी. सहाला बाबांचा फोन. "आज कितवा अध्याय?"

"अठ्ठावीस," मी म्हटलं. "आणि उद्या एकदम एक. तीन बुडाले."

"बुडाले म्हणजे? अठ्ठावीसला मी चारही वाचतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही पोरं शाळेत गेलात की आम्ही दोघं उरलेले वाचायचो. एकतिसावा मी तिला वाचून दाखवायचो. ती हसायची."

मी पन्नास वर्षं फेब्रुवारीवर रुसून होते, आणि घरात चारही अध्याय वाचले जात होते.

"आज वाचलेत?"

"वाचले की. मोठ्यानंच वाचले." मग थोडा वेळ नुसती फोनची खरखर. तेवढ्यात खालून पों-पों आलं.

"भोंगा कसला गं हा?"

"पाववाला. इथं पोदेर म्हणतात."

"रोज येतो?"

"सकाळ-संध्याकाळ."

"कडक असतो का पाव? माझी वरची कवळी सैल झालीय."

मी पिशवी शोधत सांगत गेले: साधा पाव मऊ असतो, पोई त्याहून जरा चिवट, उंड्याची पाठ कडक, आणि काकण म्हणून एक बांगडीसारखं असतं ते तर दगडच. जिन्यावरून उतरेपर्यंत सायकल वळणाशी पोहोचली होती. मी हात हलवला. फोन कानाशीच होता.

"चहात बुडवलं तर?" बाबांनी विचारलं.