कोठी क्र. २ : चीर ईशान्येलाच का पडत होती

धान्यासाठी चिखलाची कोठी रचतोय, तिचा तिसरा थर तीनदा उतरवला. चौथ्यांदा लावलेला आज चार दिवसांनी अख्खा वाळलाय, एकही चीर नाही! सकाळपासून तीन वेळा हात फिरवून आलो.

दर वेळी भेग दुसऱ्या-तिसऱ्या थराच्या सांध्यात, आडवी, नखाचं टोक आत जाईल एवढी. मी मातीलाच धरून बसलो होतो. इथे उत्तर घानातल्या बोल्गातांगात विकत घेतलेली पहिली माती रेताड निघालीच होती, म्हणून वारुळाची मिसळली, भुसा वाढवला, तरी चीर तिथेच. शेवटी प्रत्येक भेगेवर कोळशाने खूण केली आणि गोल फिरून पाहिलं. सगळ्या खुणा ईशान्येला. हरमाटन! सहाराकडून येणारा हा कोरडा वारा त्याच अंगावर आदळतो. ती बाजू संध्याकाळपर्यंत खडखडीत, पाठीमागची ओलीच. एक बाजू आकसली, दुसरी नाही, की सांधा सुटणारच. आपल्या कणगीला बांबूचा आधार असतो, इथे सगळी भिस्त चिखलावर.

शेजारच्या आजोबांनी थरावर बोटाच्या पेरांनी टकटक करून दाखवलं. ओल्या जागी आवाज बसका, वाळल्या जागी खणखणीत. सगळीकडून सारखा आवाज आला की काठावर काडीने चरे पाडायचे, पाणी मारायचं आणि मगच चिखलाची पुढची वळी, म्हणजे पुढचा थर. दिवसाला फार तर वीतभर. मी दोन-दोन थर चढवत होतो.

आता ईशान्येला ओलं गोणपाट, आणि चिखल पेंढा घालून तीन दिवस कुजवलेला. लोण्यासारखा होतो! थापी मात्र बाजूला ठेवा. ती नुसती वरून चकाकी देते, नदीतला गुळगुळीत गोटा माती आत दाबतो.

दगडांची बैठक पक्की आहे, वाळवीचा माग नाही.

पुढे दावादावा या इथल्या झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून त्या पाण्याचा हात द्यायचा होता, पाऊस झेलायला. पण लिहिता लिहिता सुचलं: मालीतल्या डोगोन जमातीच्या बायकांच्या कोठीत आतून चार खण असतात. तशी आडभिंत चौथ्या थरासोबतच उचलली तर बाजरी-ज्वारी वेगळी राहील, शिवाय भिंतीलाही आधार मिळेल. मात्र जोडाशी माती जाड, म्हणजे ती सगळ्यांत उशिरा वाळणार. आधी फुटक्या क्र. १ मध्ये करून बघतो. टरफलं थांबतील.

बाजरी मूळची इथून उत्तरेकडच्या साहेलातली, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली. आपल्या भाकरीचं धान्य त्याच्या माहेरच्या कोठीत भरायचंय, घाई नको. उद्या पहाटे, वारा सुटायच्या आत, क्र. १ मधली आडभिंत.