तोरणमाळ, भर पावसात: गारा (चिखल), दोरी आणि शेवाळ

श्रावणात सातपुड्यातल्या तोरणमाळला बाईक नेऊ नको, असं घरी सगळ्यांनी सांगून पाहिलं. तरी गेलो. धुळे, दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा; इथपर्यंत सांगण्यासारखी फक्त शेवभाजी.

खरा खेळ म्हसावदच्या पुढे. मित्राच्या पपईच्या शेतात चहाला जायचं म्हणून डांबरी सोडली आणि अर्ध्या किलोमीटरच्या गाडवाटेत पाऊण तास गेला. काळी जमीन पाणी पिऊन फुगते हे शाळेपासून माहीत, पण ती टायरला कशी बसते ते ढकलताना कळलं. आधी नक्षीच्या खाचा भरल्या. मग मडगार्डखाली गारा असा ठासला की पुढचं चाक फिरेचना. नवा टायर टाकून आलो होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

"कथा जाई राहिनात दादा?" (कुठे निघालात दादा?) म्हणत मित्राचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, आला. त्याने आधी पुढचं मडगार्ड सोडवलं. मग काथ्याची दोरी घेऊन मागच्या चाकाला आऱ्यांच्या फटीतून सहा ठिकाणी तीन-तीन वेढे दिले, गाठी आत रिमकडे. गाडी चालायला लागली! हे करणार असाल तर चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. दोरी चेनला किंवा मडगार्डला घासली तर अडकून चाक जाम होईल. मागे डिस्क ब्रेक असेल तर हा नाद सोडा. डांबरीवर आलात की दोरी कापून टाका.

हवाही कमी केली, मागे 29 पीएसआयची 20. टायर पसरतो, पकड वाढते. पण ट्यूबवाल्या टायरमध्ये याहून खाली जाऊ नका, टायर रिमवर सरकला की ट्यूब ओढली जाऊन व्हॉल्व्ह तुटतो. पायपंप सोबत हवाच, कारण घाटाआधी हवा परत भरायची आहे.

राणीपूरनंतर चढ लागतो. गारा संपला म्हणून मी निर्धास्त झालो आणि पडलो तो इथेच, पाणी वाहणाऱ्या एका फरशीवर, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर. शेवाळ दिसलं, सवयीने मागचा ब्रेक दाबला. माझ्या 125 सीसीच्या गाडीला कॉम्बी ब्रेक आहे. मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो, हे त्या क्षणी कुठे आठवणार? पुढचं चाक सटकलं. गुडघा सोलला, आरसा गेला. परतताना त्याच फरशीआधीच वेग उतरवला, दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, हँडल सरळ ठेवून पार झालो.

वर सातपायरी घाटात ढग इतके खाली की पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसत होता. यशवंत तलाव धुक्यात हरवलेला. पेट्रोल शहाद्यालाच फुल करा आणि तीनच्या आत उतरायला लागा.