टेम्पोतलं सी-आर्म : आमची वाटचाल

रात्री साडेअकराला फोन वाजला की आमच्या घरात कुणी दचकत नाही, सौ. झोपेतच म्हणते, "बघा, कुणाचं तरी मोडलंय." आणि पलीकडून ठरलेला प्रश्न, "मशीन आहे का?" सुरुवातीची पाच-सहा वर्षं फक्त एवढंच विचारायचे. मशीन आहे का, किती वाजता पोचेल, किती घेणार. बरोबर कोण येणार हे कुणीच विचारायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण मी स्वतःच धंदा ऑपरेशनला लागणारं सी-आर्म नावाचं एक्स-रे मशीन भाड्याने देण्याचा समजून काढला होता.

मी मूळचा रेडिओग्राफर. डिप्लोमा करून मिरजेला एका हॉस्पिटलात सात वर्षं एक्स-रे काढले, डार्करूममध्ये ओल्या फिल्मा क्लिपला लावून वाळवायच्या त्या काळातला मी शेवटचा माणूस असेन बहुतेक. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं, तेव्हापासून कर्नाटकातून कोकणातून पेशंट इथं येतात. पण तिथं काम करताना लक्षात आलं की जत, विटा, तासगाव, कवठेमहांकाळ असल्या ठिकाणी छोटी छोटी हॉस्पिटलं आहेत, ऑर्थोचे म्हणजे हाडांचे डॉक्टर तिथं व्हिजिटला जातात, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर असतं, भूलतज्ज्ञ मिळतात, फक्त सी-आर्म नसतं. महिन्याला चार-पाच केसेससाठी कोण घेणार आठ-दहा लाखाचं मशीन? म्हणून खुबा मोडलेली आजी सुद्धा मिरजेला पाठवायची. म्हटलं मशीनच गावोगाव नेलं तर?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखा मोठा हात, एका टोकाला एक्स-रेची ट्यूब आणि दुसऱ्या टोकाला ते एक्स-रे पकडून चित्र उजळ करणारा इमेज इंटेन्सिफायर, पेशंट मधे. पायाखालचं पेडल दाबलं की हाड टीव्हीवर दिसतं, म्हणून जुने डॉक्टर अजूनही "आयआयटीव्ही आणा" म्हणतात. डॉक्टर हाडात तार घालतात, रॉड घालतात, स्क्रू मारतात, ते सगळं त्या पडद्याकडे बघून.

२०११ ला नोकरी सोडली. सेकंडहँड नऊ इंची सी-आर्म, त्याचा दोन मॉनिटरचा ट्रॉली, एक स्टॅबिलायझर आणि सेकंडहँड छोटा हत्ती टेम्पो, एवढ्यासाठी पतसंस्थेचं कर्ज आणि सौ.च्या पाटल्या. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर, खाली आजोबांचं हळदीचं दुकान होतं, तीच खोली गोडाऊन झाली. अजून पावसाळ्यात भिंतीतून हळदीचा वास येतो, एक्स-रेपासून वाचवणाऱ्या लेडच्या (शिशाच्या) ॲप्रनला सुद्धा लागतो तो, एका सर्जनबाईंनी विचारलं होतं की तुमच्या ॲप्रनला पिठल्याचा वास का येतोय.

पहिलीच केस मनगटाची, दोन तारा घालायच्या होत्या. तिथं गेलो तर ओटीत साधा पाच ॲम्पियरचा सॉकेट, आणि मशीनला हात लावला की मुंग्या. अर्थिंगच नाही! टेस्टर लावून बघितलं, हॉस्पिटलच्या मॅनेजरला सांगितलं तर म्हणाले आमचं सगळं त्याच्यावरच चालतं. वायरमनला बोलावून होईपर्यंत दीड तास गेला, पोरगं भूल द्यायच्या आधी रडून रडून झोपलं. तेव्हापासून गाडीत पंधरा ॲम्पियरचं एक्स्टेंशन आणि टेस्टर कायम, आणि नवीन हॉस्पिटल असलं की आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन सॉकेट, दरवाजाची रुंदी, लिफ्ट, उंबरा सगळं बघून येतो. मशीन अडीचशे किलोच्या पुढं आहे, उंबरा दोन इंचाचा असला तरी चार माणसं लागतात.

पण खरा धडा पुढच्याच महिन्यात मिळाला. खुब्याचं ऑपरेशन, सगळं हिरव्या कापडांनी झाकलेलं, सर म्हणाले लॅटरल (बाजूने दिसणारं चित्र) घ्या, आणि मी सी फिरवला. आता एपीमधून (समोरच्या चित्रातून) लॅटरलला फिरवताना टेबलाच्या खाली असलेला ट्यूबचा भाग वर येतो, आणि तो निर्जंतुक नसतो. एक्स-रे रूममध्ये सात वर्षं राजासारखं काम केलेल्या मला हे डोक्यातच आलं नाही. ट्यूब सरळ ड्रेपला, म्हणजे त्या निर्जंतुक कापडाला घासली. सर फक्त एवढंच म्हणाले, "थांबा सगळे." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नवीन कापडं, नवीन गाऊन, वीस मिनिटं, सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. त्या रात्री परत येताना मामांनी (आमचे ड्रायव्हर, नात्याने नाही पण सगळे मामाच म्हणतात) विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, चहा घेऊ.

दुसऱ्या दिवशी त्याच सरांकडे गेलो आणि म्हटलं पैसे नकोत, तुमच्या पुढच्या दहा केसेसना नुसता उभा राहतो, काय करता ते शिकवा. ते हसले, पण शिकवलं. आमची फर्म खरी त्या दिवसापासून सुरू झाली असं मी धरतो.

काय शिकलो? केस कुठली आहे ते आधी विचारायचं, डावा की उजवा, सर कुठल्या बाजूला उभे राहणार, त्यावर मशीन कुठून आत येणार ते ठरतं. ड्रेप घालायच्या आधी एक फेरी एपी आणि लॅटरल दोन्ही घेऊन बघायची आणि फरशीवर चाकांच्या जागी चिकटपट्टी लावायची, म्हणजे मधेच बाजूला काढलेलं मशीन परत त्याच जागी जातं. टेबलाचा लोखंडी दांडा हाडावर येतोय का ते तेव्हाच कळतं, नंतर कळलं तर काही करता येत नाही. पडद्यावर चित्र उलटं तर नाही ना, डोकं वर पाय खाली, डावं डावीकडे. आणि शब्द ठरवून घ्यायचे. "इकडे घे, जरा तिकडे, अजून जरा" यात अर्धा वेळ जातो, म्हणून आम्ही डोक्याकडे, पायाकडे, वर, खाली, आत, बाहेर असे सहाच शब्द ठेवलेत, नवीन सर्जन असले तर आधीच नम्रपणे सांगतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नळीच्या हाडात रॉड घातल्यावर खालच्या बाजूला लॉकिंग करणं. रॉडला खाली आरपार भोकं असतात, बाहेरून दिसत नाहीत, त्यातून नेमका स्क्रू गेला पाहिजे. पडद्यावर ते भोक आधी लांबट दिसतं, काकडीच्या तिरक्या कापासारखं. सी-आर्म जरा तिरका झाला तरी लांबट. ते पूर्ण गोल दिसेपर्यंत टेक्निशियनने अंशाअंशाने फिरवायचं, गोल झालं की लॉक, मग कुणी टेबलाला हात पण लावायचा नाही. सर ड्रिलचं टोक त्या गोलाच्या मधोमध ठेवतात, एक शॉट, बरोबर, ड्रिल. जतला एकदा ऊसतोडीच्या सीझनमध्ये रात्री दोन वाजता, ट्रॉलीखाली पाय गेलेला जवान पोरगा, सर दोन केसेस करून दमलेले, आणि मी गोल करतोय, होत नाहीये, परत करतोय. शेवटी झाला. सर म्हणाले, "आता श्वास पण घेऊ नको." मी खरंच घेतला नाही. दोन्ही स्क्रू पहिल्या झटक्यात.

धंदा वाढला तशी माणसं ठेवली आणि तिथं मी चूक केली. पहिला पोरगा मशीन ढकलायला तगडा, बटणं पाठ, पण शिक्षण नाही. तो पेडल दाबायचा तो सोडायचाच नाही, चित्र चालू आहे तर चालू दे असं त्याचं गणित. एका सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या माणसाला सांगा हा टीव्ही नाही, एक्स-रे आहे." लाज वाटली. शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं, मग टाप, सोड, बघ, परत टाप, एवढंच करायचं असतं. जिथं चाळीस सेकंदात काम होतं तिथं हा तीन मिनिटं घ्यायचा. आता प्रत्येक केसचा फ्लुओरो टाइम, म्हणजे एक्स-रे एकूण किती वेळ चालू होता ते, आमच्याकडे वहीत लिहिला जातो, महिन्याच्या शेवटी मी वही बघतो, कुणाचा वाढला तर त्याच्याबरोबर स्वतः दोन केसेस करतो. आणि क्वालिफाईड टेक्निशियनशिवाय गाडी बाहेर पडत नाही. त्यामुळे रेट वाढवावा लागला, काही हॉस्पिटलं सोडून गेली, आमच्या भागात ड्रायव्हरच पेडल दाबतो असं मशीन अजूनही मिळतं ना स्वस्तात. जाऊ दे.

रेडिएशनबद्दल ओटीत दोन टोकं असतात, काहींना भीतीच नाही, काहींना मशीन बंद असलं तरी भीती. एक वॉर्डबॉय मशीन नुसतं आत आलं की पळायचा. त्यांना एवढंच सांगतो की पेडल सोडलं की रेडिएशन संपलं, ते खोलीत साठून राहत नाही. आणि चालू असताना ते मुख्यतः पेशंटच्या अंगावरून उडून येतं, म्हणून ट्यूब शक्यतो टेबलाखाली ठेवायची, वर ठेवली तर सगळ्यांच्या डोळ्यावर येतं. लॅटरलला ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही. अंतर दुप्पट केलं की मार पावपट होतो, एक पाऊल मागं या, फुकटातलं संरक्षण आहे. ॲप्रन पाच-सहा किलोचा, घडी घालून ठेवायचा नाही, आतलं लेड चिरतं, हँगरलाच. नवीन पोरं खुर्चीवर फेकतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

प्रत्येकाला टीएलडी बॅज आहे, अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणारा, छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. दर तीन महिन्याला तो लॅबला जातो आणि रिपोर्ट येतो, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. एका तिमाहीत आमच्या एका टेक्निशियनचा आकडा भलताच आला, चौकशीचं पत्र आलं, तो बिचारा घाबरून गेला, नुकतं लग्न झालेलं. शोध घेतला तर या टेक्निशियन साहेबांनी बॅज ॲप्रनला लावून ॲप्रन ओटीतच टांगून ठेवला होता, सलग तीन आठवडे, आणि त्या ओटीत दुसऱ्याच मशीनवर केसेस चालू होत्या. लेखी खुलासा केला. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) कागदं, त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरची नोंदणी, मशीनचं क्यूए म्हणजे गुणवत्ता तपासणी, हे सगळं सौ. बघते, तिच्याइतकं मला जमत नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचा गावभाग, आम्ही २००५ पाहिलेलं, त्यामुळे वाटलं यावेळी पण पायरीपर्यंत येईल आणि जाईल. संध्याकाळी गोडाऊनच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा हातपाय गार पडले. गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं आणि मार्केट यार्डातले चार हमाल, आठ-दहा जणांनी फळ्या टाकून, दोर लावून सी-आर्म जिन्याने वर नेलं. अर्ध्या जिन्यात थांबून एक हमाल म्हणाला, "मालक, हळदीचं पोतं परवडलं, त्याला निदान पकडायला कान असतात." मशीन वाचलं, मॉनिटर वाचला. स्टॅबिलायझर, केबल आणि फूटस्विच खालीच राहिले. आठवडाभर मी गच्चीवर आणि मशीन आमच्या बेडरूममध्ये, चादर पांघरून.

त्यातून सावरतोय तोवर लॉकडाऊन. ठरवून करायची ऑपरेशनं बंद, हप्ते चालू. तेव्हा एक पोर्टेबल एक्स-रे घेतला आणि कोविड वॉर्डात बेडवर छातीचे एक्स-रे काढायला लागलो. कॅसेटला, म्हणजे पेशंटच्या पाठीखाली ठेवायच्या एक्स-रेच्या प्लेटला, दोन प्लास्टिक पिशव्या, एकजण पेशंटला हात लावणार, दुसरा फक्त मशीनला, हे आम्ही आमचं शोधून काढलं. पीपीईवर लेड ॲप्रन घालून मे महिन्यात उभं राहून बघा एकदा. कॉलेजात सरांनी सांगितलेलं तेव्हा आठवायचं, पहिल्या महायुद्धात मेरी क्यूरीने गाड्यांमध्ये एक्स-रे मशीन बसवून आघाडीवर नेली होती, बरोबर सतरा वर्षांची मुलगी. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बाईंचा ड्रायव्हर कोण होता?" म्हटलं बाई स्वतःच गाडी चालवायला शिकल्या होत्या. मामा दोन दिवस गप्प होते.

आता तीन सी-आर्म, दोन पोर्टेबल, सहा टेक्निशियन, त्यात दोन मुली. पहिली मुलगी घेतली तेव्हा रात्रीच्या केसला पाठवणार कसं असं लोकांनी विचारलं, तिनेच उत्तर दिलं की मामा आहेत ना. पीसीएनएलच्या (पाठीतून भोक पाडून मूतखडा काढायच्या) केसेसना आता युरोलॉजीवाले तिलाच मागतात, सुई किडनीत नेमकी कधी शिरते ते तिला सरांच्या आधी दिसतं म्हणे. उधारी आहेच, एका हॉस्पिटलकडे गेल्या दिवाळीचे पैसे अडकलेत, विम्याचे आले की देतो म्हणतात. विमा कुणाचा कधी येतो देव जाणे.

पण फोनवर आता विचारतात, "मशीन आहे का, आणि कोण येणार?" मागच्या महिन्यात तर एका सरांनी ती पीसीएनएलवाली मुलगी मोकळी नाही म्हटल्यावर केस दुपारी ढकलली. मशीन मोकळंच होतं.

इमेज इंटेन्सिफायरच्या जागी सपाट डिजिटल पॅनेल असलेलं, फ्लॅट पॅनेलवालं नवीन मशीन बघून ठेवलंय, किंमत ऐकून सौ.ने फक्त हातातल्या पाटल्यांकडे बघितलं. बघू. उद्या सकाळी साडेसातला विट्याला खुब्याची केस आहे, आजी ऐंशीच्या पुढच्या, मशीन गाडीत चढवून झालंय आणि मामा खालून हाक मारतायत की चिकटपट्टी संपलीय.